होमस्टेडच्या पुलाखाली

पुलाची तपासणी वरून होत नाही. ट्रकच्या लांब लोखंडी हाताला लावलेला पाळणा कठड्याच्या पलीकडे जातो, खाली उतरतो, मग आत वळतो, आणि आपण पुलाच्या पोटाशी येऊन थांबतो. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात टॉर्च, खिशात खडू. पोलादावर हातोडी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पुढे जायचं, बद्द वाजलं तर तिथे खडूने खूण करायची. पिट्सबर्गमध्ये चौदा वर्षं मी हेच काम करते आहे. चारशेच्या वर पूल असलेलं शहर आहे हे, काम संपत नाही.

पहिल्या वर्षी मला मिळालेल्या पुलांमध्ये एक होता होमस्टेड ग्रेज ब्रिज. मोनोंगाहेला नदीवरचा, १९३० च्या दशकातला. कागदपत्रांत त्याचं जुनं नाव होमस्टेड हाय लेव्हल ब्रिज असं होतं आणि २००२ मध्ये नाव बदलल्याची नोंद होती. ग्रेज हे कुणा मोठ्या माणसाचं आडनाव असावं, असं मी धरून चालले होते. पाळण्यातल्या सहकाऱ्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "बेसबॉलची टीम होती. काळ्या खेळाडूंची. तिकडच्या कारखान्यातली माणसं." आणि त्याने टॉर्चनेच पलीकडचा काठ दाखवला. तिथे आता भलंमोठं शॉपिंग सेंटर आहे. जुन्या पोलाद कारखान्याच्या खुणा म्हणून विटांची बारा धुराडी एका ओळीत तेवढी उभी आहेत.

त्या दुपारी घरी येऊन मी वाचायला बसले, आणि खरं सांगायचं तर अजून उठलेले नाही. अमेरिकेतले खेळ म्हणजे पैसा, जाहिराती आणि आरडाओरडा, असं मला तोवर वाटायचं. आता वाटतं की या देशातला कुठलाही खेळ समजून घ्यायचा असेल तर आधी नकाशा उघडावा. नदी कुठून जाते, कोळसा कुठे आहे, रेल्वे कुठे संपते, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी मिळते, आणि कुणाला कुठल्या गल्लीत राहू देतात. कोण किती मोठा खेळाडू झाला, हे त्यानंतर येतं.

आमची ही मोनोंगाहेला, इथली माणसं तिला नुसती 'मॉन' म्हणतात, डोंगरांमधून वळणं घेत येते. डोंगरांच्या पोटात कोळसा. कोळसा तराफ्यांवरून नदीने येणार, म्हणून कारखाने नदीकाठी. पण काठावर सपाट जमीन म्हणजे एक चिंचोळी पट्टी. ती सगळी कारखान्यांनी घेतली. माणसं मग उतारावर चढली, एकावर एक घरं बांधून राहिली. होमस्टेड, ब्रॅडॉक, डुकेन, मॅकीस्पोर्ट, क्लेअर्टन. नदीच्या प्रत्येक वळणावर एक गाव, प्रत्येक गावाचा आपला कारखाना, आपली चर्चेस, आपली हायस्कूल. शेजारचं गाव डोळ्यांना दिसतं, पण मधे नदी नाहीतर दरी. अशा ठिकाणी गावागावांत चुरस पेटायला वेगळं काही करावं लागत नाही.

होमस्टेड म्हटलं की इतिहासवाल्यांना १८९२ आठवतं. त्या जुलैत पोलाद कंपनीने कामगारांचा संप मोडायला पिंकर्टन या खासगी पहारेकरी एजन्सीची तीनशे हत्यारबंद माणसं तराफ्यांवरून नदीमार्गे आणली, काठावर लढाई झाली, दोन्हीकडची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली. संप नोव्हेंबरपर्यंत रेटला गेला. आणि त्याच नोव्हेंबरच्या १२ तारखेला, नदीने काही मैल खाली, अॅलेगेनीत (ते आता पिट्सबर्गमध्येच आलं आहे), दोन श्रीमंत क्लबांमध्ये फुटबॉलची मॅच झाली. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. अॅलेगेनी अॅथलेटिक असोसिएशनने येल विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू पज हेफलफिंगर याला खेळण्यासाठी ५०० डॉलर रोख दिले. क्लबच्या हिशेबाच्या कागदावर ती नोंद आहे, आणि पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणून तो कागद आज ओहायोतल्या कॅंटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जपला आहे. हेफलफिंगरने सुटलेला चेंडू उचलून टचडाउन केलं, म्हणजे तो समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. तेव्हा टचडाउनचे चार गुण असत, मॅच ४–० अशी सुटली. आठेक दिवसांनी होमस्टेडच्या युनियनने हार मानली. या दोन घटना मी तरी कुठे एकत्र वाचल्या नव्हत्या. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

पैसे घेऊन खेळायचं फुटबॉल असं पिट्सबर्गमध्ये जन्मलं, पण वाढलं शेजारच्या ओहायोत, कॅंटन आणि मॅसिलॉनसारख्या गावांत. १९२० मध्ये पुढे जिची एनएफएल, म्हणजे फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग झाली ती संघटना कॅंटनमध्येच, एका मोटारींच्या शोरूममध्ये स्थापन झाली. पिट्सबर्ग मागे का पडलं? याचं मुख्य उत्तर मला एका जुन्या कायद्यात सापडलं. पिट्सबर्गच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात, १७९४ पासून रविवारी खेळ-करमणुकीला बंदी होती. शनिवार कॉलेज फुटबॉलचा. कारखान्यातल्या माणसाला मोकळा असला तर रविवार, तोही सगळ्यांना नाही, कारण १९२३ पर्यंत पोलाद कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. आणि रविवारी खेळ बंद. म्हणजे ज्या माणसांनी तिकीट काढून मैदान भरायचं, त्यांना येता येईल असा वारच नाही.

ही बंदी १९३३ मध्ये उठली, मतदान घेऊन. ती उठणार असा अंदाज आल्यावर आर्ट रूनी यांनी त्याच उन्हाळ्यात २,५०० डॉलर भरून एनएफएलमध्ये टीम घेतली. तीच आजची स्टीलर्स. पहिली मॅच २० सप्टेंबरला झाली. वार काढून बघितला, बुधवार निघाला. मतदान व्हायचं होतं ना अजून! पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमला, पायरेट्सनाही १९३४ पर्यंत आपल्याच गावात रविवारी खेळता येत नव्हतं.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. होमस्टेडच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, १९८६ मध्ये तो बंद पडला तेव्हा शेवटच्या काही माणसांत ते होते. मी नवी होते तेव्हा त्यांनीच मला यिन्झ हा इथला शब्द शिकवला. यिन्झ म्हणजे तुम्ही सगळे. त्यांना मी एकदा विचारलं, की जॉनी युनायटस, जो नेमथ, जो मॉंटाना, डॅन मरीनो, जिम केली, इतके नामी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारे खेळाडू, एकट्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातून कसे आले? लोक म्हणतात, इथल्या रक्तात पोलाद आहे. आजोबा म्हणाले, "रक्तबिक्त काही नाही गं. कारखान्यात जायचं नसेल तर बाहेर पडायचा तेवढा एक दरवाजा होता."

मला हे पटतं. स्लोव्हाक, पोलिश, इटालियन, आयरिश, दक्षिणेकडून आलेले काळे, सगळ्यांची पोरं एकाच शाळेत, एकाच मैदानावर. बाप कारखान्यात, काका कारखान्यात. फुटबॉलची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज, नाहीतर गेटवरची रांग. आणि दर चार मैलांवर अशी एकेक शाळा. एवढ्या दाटीवाटीत चांगला प्रशिक्षक आणि चांगला प्रतिस्पर्धी आपोआप भेटतो. तरी दरवाजा अरुंदच. युनायटसला १९५५ मध्ये त्याच्याच गावच्या स्टीलर्सनी काढून टाकलं, मग तो ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या टीमकडून मॅचला सहा डॉलर घेऊन खेळला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने बोलावलं नसतं तर आज ते नाव कुणाला ठाऊक असतं?

ओहायो नदीवर अॅलिक्विपा नावाचं गाव आहे. माइक डिटका तिथला, टाय लॉ तिथला, डॅरेल रेव्हिस तिथला. जोन्स अँड लॉफलिनचा कारखाना नदीकाठाने मैलोन्मैल पसरला होता, तो गेला. एकेकाळी पंचवीस हजारांवर वस्ती होती, आता दहा हजारांच्याही आत आहे. आजोबांना घेऊन एका शुक्रवारी रात्री मी तिथली हायस्कूलची मॅच बघायला गेले. मैदान टेकडीच्या कुशीत खणून काढल्यासारखं आहे, त्याला 'द पिट' म्हणतात, खड्डा. सिमेंटच्या उतरत्या पायऱ्या, कडा झिजून गोल झालेल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पायरीवर घरची उशी अंथरली होती आणि मला सरकून अर्धी दिली. त्यांचा नातू खेळत होता. नदीकडे पूर्ण अंधार होता, जिथे पूर्वी भट्ट्यांचा उजेड आकाशात दिसायचा असं त्या सांगत होत्या, आणि गावातला सगळा उजेड जणू त्या खड्ड्यात गोळा झाला होता. मुलं मैदानावर आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि मॅच संपेपर्यंत पुन्हा बसल्या नाहीत. परतताना गाडीत आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गावचं मैदान असंच होतं."

१९८० च्या दशकात मॉनच्या खोऱ्यातून माणसं बाहेर पडली. ह्यूस्टन, फ्लोरिडा, कॅरोलायना, जिथे काम मिळेल तिथे. आजोबांचे दोन भाऊ असेच गेले. स्टीलर्स सत्तरीच्या दशकात चार वेळा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकले होते, त्या आठवणी गरम होत्या. त्यामुळे ही माणसं जिथे गेली तिथे स्टीलर्सची मॅच लावणारा एखादा बार उभा राहिला. आज देशातल्या कुठल्याही मैदानावर पिवळे टॉवेल फडकताना दिसतात. तो टॉवेल १९७५ मध्ये रेडिओवरच्या मायरन कोप यांनी सुरू केला, आणि १९९६ मध्ये त्याचे हक्क त्यांनी अपंगांसाठी काम करणाऱ्या अॅलेगेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. टीव्हीवर लोक म्हणतात, स्टीलर्सचे चाहते सगळीकडे असतात. मला त्या टॉवेलांत बंद पडलेले कारखाने मोजता येतात.

नकाशा आणखी मोठा केला तरी हेच दिसतं. १९०३ ते १९५२ मोठ्या बेसबॉल लीगमध्ये सोळा टीम, दहा शहरं, आणि पश्चिमेला सेंट लुइसच्या पुढे एकही नाही. टीमचा प्रवास रेल्वेने, आणि रोजच्या रोज मॅच, त्यामुळे लीगची हद्द कुठवर जाणार हे आगगाडीच्या वेळापत्रकावर ठरायचं. विमानं आली तसे १९५८ मध्ये डॉजर्स आणि जायंट्स न्यूयॉर्क सोडून थेट कॅलिफोर्नियात गेले. बास्केटबॉलही तसंच. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा बर्फाळ डिसेंबर, पोरांना घरात कोंडलेलं, म्हणून १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी जिममध्ये पीचच्या टोपल्या टांगल्या. कमी जागेत, कमी पैशांत होणारा हा खेळ मग दाट वस्तीच्या शहरांनी उचलला. यावर वेगळं लिहीन कधीतरी, कारण मला परत ग्रेजकडे जायचं आहे.

मोठ्या बेसबॉल लीगमध्ये तेव्हा काळ्या खेळाडूंना घेत नसत, त्यांच्या टीम आणि लीग वेगळ्या. ग्रेजची सुरुवात १९१० च्या आसपास, होमस्टेडच्या कारखान्यातल्या काळ्या कामगारांच्या टीममधून झाली. तिला नावारूपाला आणणारे कम पोझी होमस्टेडचेच. त्यांचे वडील नदीवरच्या बोटींचे इंजिनिअर होते, पुढे होड्या बांधण्याच्या आणि कोळशाच्या धंद्यात वर आले. म्हणजे ही टीमसुद्धा त्याच नदीची. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर दक्षिणेतून हजारो काळी कुटुंबं उत्तरेच्या कारखान्यांकडे आली. १९१९ च्या संपात तर कंपन्यांनी संप मोडण्यासाठी काळे कामगार मुद्दाम आणले. काम मिळालं ते सर्वांत तापलेल्या, सर्वांत धोक्याच्या जागी. राहायला मिळालं ते बहुतेकांना हिल डिस्ट्रिक्टमध्ये, शहराच्या मध्यावरच्या टेकडीवर.

जॉश गिब्सन अशाच एका कुटुंबातला. जन्म जॉर्जियातल्या ब्युएना व्हिस्टाचा, १९११ चा. बापाला पोलाद कारखान्यात काम मिळालं म्हणून पोरगा पिट्सबर्गला आला. कॅचर होता, म्हणजे बॅट्समनच्या मागे चेंडू झेलणारा, आणि चेंडू असा मारायचा की बघणाऱ्यांच्या त्या गोष्टी आजही संपत नाहीत. १९३० मध्ये तो ग्रेजकडून खेळू लागला, मग शहरातल्या काळ्या खेळाडूंच्या दुसऱ्या टीमकडून, क्रॉफर्ड्सकडून, मग पुन्हा ग्रेजकडून.

क्रॉफर्ड्सचे मालक गस ग्रीनली. आकड्यांच्या लॉटरीचा बेकायदा धंदा करायचे. बॅंका काळ्या माणसाला कर्ज देत नसत, तेव्हा हिल डिस्ट्रिक्टमध्ये भांडवल असलं तर ते असं असायचं. पायरेट्स बाहेरगावी असले की काळ्या टीमना त्यांचं मैदान, फोर्ब्स फील्ड, भाड्याने मिळे, पण ड्रेसिंग रूम वापरायची परवानगी नसे. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी घरी जायचं. ग्रीनलींनी मग १९३२ मध्ये बेडफर्ड अॅव्हेन्यूवर स्वतःचं विटांचं स्टेडियम बांधलं, त्याला ड्रेसिंग रूम आणि शॉवरसकट. त्या मैदानावर सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन आणि ज्युडी जॉन्सन एकाच टीममधून खेळले. पाचही जण आज बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

फोर्ब्स फील्डच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा पिट्सबर्गच्या ओकलंड भागात अजून उभा आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीच्या, शेवटच्या मॅचचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पुन्हा ऐकतात. दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी बिल मॅझरॉस्कीचा होम रन, क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, येतो, पायरेट्स न्यूयॉर्कच्या यॅंकीजना १०–९ असं हरवतात, आणि साठ-पासष्ट वर्षं जुन्या निकालावर माणसं एकमेकांना मिठ्या मारतात. आजोबा दरवर्षी जातात, मीही जाते. मला तो सोहळा मनापासून आवडतो.

मागच्या वर्षी तो संपल्यावर मी भिंतीपासून बेडफर्ड अॅव्हेन्यूपर्यंत चालत गेले. आजोबांचे गुडघे दुखत होते, त्यांना बसमध्ये बसवून दिलं. चढ आहे, तरी पाऊण तासाच्या आत पोचले. पायरेट्सच्या होम प्लेटपासून, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेपासून, गिब्सनच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर एवढंच. आणि एवढं अंतर ओलांडायला त्याचं उभं आयुष्य पुरलं नाही. २० जानेवारी १९४७ ला तो गेला, पस्तीस वर्षांचा. काळ्यांसाठी बंद असलेली मोठी लीग उघडत जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला तो त्याच वर्षी १५ एप्रिलला. रॉबिन्सनसाठी लिहून लिहून रान पेटवणारे वेंडेल स्मिथ पिट्सबर्ग कुरिअरचे, म्हणजे याच शहरातले. त्या वर्तमानपत्राचे गठ्ठे पुलमन या झोपायच्या डब्यांतले काळे पोर्टर रेल्वेने दक्षिणेत पोचवायचे. तरी पायरेट्समध्ये पहिला काळा खेळाडू, कर्ट रॉबर्ट्स, उतरायला १९५४ उजाडलं.

ग्रीनली फील्डच्या जागी आता घरं आहेत. १९३८ मध्ये स्टेडियम पाडून तिथे सरकारी वसाहत झाली. गिब्सनच्या नावाची राज्य सरकारची निळी पाटी रस्त्याकडेला आहे, सोनेरी अक्षरांची. मी ती वाचत उभी होते तेव्हा एक मुलगा सायकलवरून गेला, थांबला, "तो आमच्या गल्लीतला होता," म्हणाला आणि गेला.

तिथून उतार धरला की खालचं हिल डिस्ट्रिक्ट लागतं, किंवा लागायला हवं. १९५० च्या दशकात शहराने तिथली ९५ एकर जमीन साफ केली, तेराशे इमारती पाडल्या, आठ हजार माणसं उठवली. वायली अॅव्हेन्यूचे जॅझ क्लब, दुकानं, चर्चेस, सगळं गेलं. त्यावर सिव्हिक अरीना हे बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं, १९६१ मध्ये उघडलं, आणि १९६७ पासून तिथे पेंग्विन्स आइस हॉकी खेळू लागले. या शहरातल्या हॉकीवर माझं प्रेम आहे, पण त्या मोकळ्या जागेजवळून जाताना मला नेहमी आधी त्या आठ हजारांची आठवण येते. अरीनाही आता पाडलंय. अर्ध्याअधिक जागेवर वर्षानुवर्षं गाड्या पार्क होत होत्या.

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगचे, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या त्या वेगळ्या लीगचे, आकडे आपल्या नोंदींत धरले, आणि कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत पहिलं नाव आलं जॉश गिब्सनचं, .३७२, म्हणजे बॅटिंगच्या दर हजार संधींत ३७२ यशस्वी फटके. बातमी आली त्या आठवड्यात मी ग्रेज ब्रिजखालीच होते. संध्याकाळी काम आटोपून, बूट न बदलताच, अॅलेगेनी सेमेटरीत गेले. कबर शोधायला वेळ लागला, कारण दगड जमिनीसपाट आहे आणि गवत वाढलं होतं. कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं, दगडावर दोन चेंडू ठेवलेले होते, एक अगदी नवा, एक शिवण उसवलेला. मी कडेचं गवत हाताने उपटलं. दगडावर नाव आहे, १९११ आणि १९४७ ही दोन सालं आहेत, आणि खाली 'दंतकथा बनलेला बेसबॉलपटू' अशा अर्थाचे शब्द. तो दगड १९७५ मध्ये बसवला. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या जागेवर काहीही नव्हतं.